गिरजाबाईची कातडी

सुरेखाचं पार्लर शहापूरच्या बाजारात आणि माहेर सापगावला. रिक्षानं निघालं तर तोंडातलं पान संपायच्या आत पोचता येतं. तरी ती आईला भेटायला यायची ती गौरीला नि दिवाळीला. आली की उंबऱ्यातच नाकाला पदर लावायची आणि भावजयीला विचारायची, "कसला वास येतोय, वहिनी?"

वास खोबरेलाचा असायचा. भावजय वेणू ते सासूच्या, गिरजाबाईच्या, अंगाला रोज लावायची.

गिरजाबाईनं ऐंशी ओलांडली होती. जन्मभर भाताच्या खाचरात वाकलेली, उन्हात रापलेली बाई, पण आता तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. खाटेच्या कडेला हात लागला तरी जांभळा डाग उठायचा. मागे एका हिवाळ्यात खाजवून खाजवून तिनं पोटऱ्या रक्ताळून घेतल्या, तेव्हापासून वेणूनं साबण आणि कढत पाणी दोन्ही बंद केलं. कोमट पाण्यानं अंग धुवायचं, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर आहे तोवर तेल लावायचं. खाज थांबली. गिरजाबाई मात्र एवढंच म्हणाली, "माझ्या लुगड्याच्या चिंध्या केल्या हिनं."

सुनेचं कौतुक करायची त्या घरात रीत नव्हती. आणि नणंदेबद्दल वेणूचं मत लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी झालं होतं. ते बदलावं असं पुढं काही घडलं नाही.

या वर्षी सुरेखा ना गौरीला आली ना दिवाळीला, मधेच एका सकाळी आली. हातात मोबाइलचा स्टँड, पर्समध्ये बरण्या. पार्लरच्या जाहिरातीसाठी ती व्हिडिओ टाकायची. पन्नाशीच्या बायकांना पांढऱ्याफटक करून ती कॅमेऱ्यासमोर बसवायची आणि याला 'वयाचं तेज' म्हणायची. आता तिला खरोखरची म्हातारी हवी होती.

"आई, लोकांना असे सुरकुतलेले हात खूप आवडतात," ती स्टँड लावत म्हणाली.

"आवडतात तर दाबायला येत जा कधी," गिरजाबाई म्हणाली. पण लेक आली म्हणून चेहरा फुलला होता. तिनं हात पुढं केला.

सुरेखानं बरणी उघडली. आत गुलाबी, खरखरीत, साखरेसारखं काहीतरी होतं.

"वन्सं, ते घासू नका," वेणू चुलीजवळून म्हणाली. "कातडी निघंल."

"वहिनी, माझा कोर्स झालाय. जुनी त्वचा काढली तरच नवी येते. तुम्ही फक्त फ्रेमच्या बाहेर उभ्या राहा."

वेणू बाहेर उभी राहिली. सुरेखानं कॅमेऱ्याकडे बघून गोड आवाजात आईच्या मायेवर दोन वाक्यं म्हटली आणि मनगटापासून कोपरापर्यंत घासायला घेतलं. गिरजाबाईनं ओठ आवळले. लेक काय करते ते तिला सहन करायचं होतं. मग कातडी सरकली, दुधावरची साय सरकावी तशी, आणि खालून लाल दिसलं.

सुरेखा किंचाळून बाजूला झाली. "किती कोरडी ठेवलीय आईला," ती म्हणाली.

वेणूनं स्वच्छ पाणी ओतून साखर धुतली, ओल्या फडक्यानं कातडीचा तुकडा हळूहळू जागेवर आणला, वर धुतलेलं कापड सैल गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली.

शहापूरचा डॉक्टर तरुण होता. त्यानं जखम बघितली आणि विचारलं, "कुणी घासलं हे?"

सुरेखा मोबाइलमध्ये बघू लागली. गिरजाबाईनं लेकीकडे पाहिलं, मग म्हणाली, "सुनेनं."

डॉक्टर वेणूकडे वळला. या वयात त्वचा पातळ होते, साबण कमी वापरा, पाणी कोमट घ्या, घासू नका, टिपा, ओल्या अंगावरच तेल नाहीतर बिनवासाचं मलम लावा, चिकटपट्टी लावू नका. तो कळकळीनं सांगत होता. आपल्याच घरात पाहुण्यानं आपल्याला मिठाचा डबा दाखवावा, तसं वेणूनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

दवाखान्याबाहेर सुरेखा जवळ आली. "वहिनी, मनावर घेऊ नका. आईचं वय झालंय."

"झालंच हाय. मी उद्या माहेरी चाललेय. तुमी राहा आईजवळ."

"आणि माझं पार्लर?"

"मग आईला पार्लरात न्या."

रात्री नवऱ्यानं, हेमंतनं, समजावून पाहिलं. "तिला जमायचं नाय गो."

"घासायला जमलं ना," वेणू म्हणाली आणि पिशवी भरली.

सकाळच्या मुरबाड एसटीनं ती गेली. मुरबाडच्या पुढं तिच्या भावाचं, चंदरचं घर. तिथं ती जेवली, झोपली, वालाच्या शेंगा सोलत बसली. जीव तुटतोय, परत जावं, असं तिला एकदाही वाटलं नाही. चंदरच्या सुनेनं, प्रियांकानं, मोबाइल पुढं धरला. "आत्या, ह्या तुमच्या सासूबाई ना?"

सुरेखानं व्हिडिओ टाकला होता. हात, बरणी, गोड आवाज. खाली बायकांनी लिहिलं होतं, अशी लेक सगळ्यांना मिळो. काहींनी बरणी कुठं मिळते ते विचारलं होतं.

"पुढचं कापलंय," वेणू म्हणाली आणि शेंगा ओढून घेतल्या.

सापगावहून सुरेखाचे फोन दुसऱ्याच दिवशी सुरू झाले.

"वहिनी, आई पाणी गार आहे म्हणते. मघाशी गरम म्हणत होती."

"कोपर बुडवून बघा. हाताला कळत नाय."

नंतर पुन्हा. "मी हळूच तेल लावतेय तरी कण्हते."

"अंगठ्या काढल्यात का?"

पलीकडे अंगठ्या ताटलीत पडल्याचा आवाज आला.

"आणि नखं कापा."

"वहिनी, नखं म्हणजे माझी जाहिरात आहे."

"मग नका कापू." वेणूनं फोन ठेवला.

आठवड्यानं ती परतली तेव्हा सुरेखा ओटीवर बसली होती, बॅग भरून. तोंडाला काही लावलेलं नव्हतं, डोळ्यांखाली काळं. नखं कापलेली होती, तीही वाकडीतिकडी.

"कसं करता हो तुम्ही हे रोज?" तिनं विचारलं. या वेळी आवाज कॅमेऱ्याचा नव्हता.

"हातानं," वेणू म्हणाली आणि आत गेली. पाठीमागं रिक्षा निघून गेल्याचं तिनं ऐकलं. वाईट वाटलं नाही. नखं कापली म्हणून माणूस बदलतं, इतकी ती भोळी नव्हती.

पट्टी सोडायला ती सासूला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. कातडी जागेवर धरली होती. डॉक्टर खूश झाला. "बघा, सांगितल्यासारखं केलं की होतं बरं."

गिरजाबाईनं तो हात पदराखाली घेतला.

"डॉक्टर," वेणू शांतपणे म्हणाली, "तेव्हा घासलं ते लेकीनं. सासूबाईंनी माझं नाव सांगितलं. तुमच्या कागदावर बरोबर असू द्या."

डॉक्टरनं एकदा म्हातारीकडे पाहिलं आणि मलमाचं नाव लिहून दिलं.

परतताना रिक्षात गिरजाबाई म्हणाली, "गरज होती का गो त्याची?"

"होती."

"चार माणसांत लाज गेली माझी."

"माझी गेली तेव्हा तुमी तिथंच होतात."

म्हातारीनं तोंड बाहेर फिरवलं. पुढं रस्ता उखडलेला होता. रिक्षा उसळली तसा वेणूनं सासूचा तो हात लोखंडी दांड्यापासून सोडवून आपल्या मांडीवर घेतला. हात काढून घ्यावा असं गिरजाबाईला वाटलं असेल, पण तिनं काढला नाही.