गाळलेला 'आज'

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, सोनूबाईच्या घरातल्या फडताळात, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी मी पडून असतो. माझी बॅटरी आता तासाभरात उतरते. पाठीचं झाकण निसटतं म्हणून त्याला रबरबँड लावलेलं आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी कुणाला आठवण झाली तर मला चार्जिंगला लावतात. बाकी सगळा वेळ माझा मलाच. तेव्हा जे घडलं ते मी मनाशी पुन्हा पुन्हा सांगत बसतो. आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं पांढऱ्याशुभ्र उजेडात हातमोजे घातलेली माणसं ओळीनं बसलेली असत. माझ्यासारखे हजारो त्यांच्या हातांखालून जात. कुणी एकानं मला घडवलं असं म्हणता येणार नाही. तिथून मी अलिबागच्या एका दुकानात आलो आणि विनितानं मला निवडलं. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. "कॅमेरा बघ काय भारी आहे!" असं ती मैत्रिणींना सांगायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं. तिच्या साखरपुड्याचे, हळदीचे, सासरच्या होडीच्या पूजेचे फोटो मीच काढले. तीन वर्षं मी तिच्या हातात किंवा उशाशी असे.

मग एक दिवस जेट्टीच्या पायऱ्यांवर मी तिच्या हातून निसटलो आणि डाव्या कुशीवर आपटलो. माझ्या काचेला डाव्या काठानं वरपासून खालपर्यंत तडा गेला. दुरुस्तीवाल्यानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "काच बदलण्यात अर्थ नाही, नवीनच घ्या." त्याच सुमारास विनिताच्या नवऱ्याला पनवेलला नोकरी लागली. जाताना तिनं मला सासूच्या हातात ठेवलं.

ती सासू म्हणजे सोनूबाई. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती बोंबील सुकवून विकायची. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या बांधायच्या आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, हे तिचं काम. हे काम ती एकटी करत नसे. शेजारची मनुबाई तिच्याबरोबर असे. अठ्ठावीस वर्षं दोघींनी एकाच दोरीला माल लावला होता. अर्धी दोरी हिची, अर्धी तिची. सगळा दिवस दोघींचं बोलणं चालायचं, आणि बोलायला काही उरलं नाही तरी त्या बोलतच असत.

विनितानं जाण्याआधी माझ्यावर एक ग्रुप काढून दिला होता, 'रेवदंडा सुकी मासळी' नावाचा. चौल, नागाव, अलिबागची साठ-पासष्ट गिऱ्हाइकं त्यात होती. मनुबाईकडे मोबाईल नव्हता आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोनूबाई चौथी शिकलेली. त्यामुळं दोघींच्या मालाची खबर सोनूबाईच टाकायची.

पण तडा गेल्यापासून माझा डावा काठ मेला होता. तिथं बोट टेकवलं तर मला कळतच नसे. आणि नेमका त्या काठाला 'आ' होता. 'आहे' लिहायचं म्हटलं तरी पंचाईत, 'आली' लिहायचं म्हटलं तरी पंचाईत. सोनूबाई दोन-तीनदा बोट दाबायची, मग तो शब्दच सोडून द्यायची. "बोंबील सुकले. या." असं तिचं लिहिणं. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती.

विनिता फोनवर म्हणायची, "आई, लिहिता कशाला? बटण दाबून बोलून पाठवा ना."

"नको गं," सोनूबाई म्हणायची. "त्यात टीचर हायत, हाटेलवाले हायत. माझं बोलनं ऐकून हसतील."

डिसेंबरात एका दुपारी अवकाळी पाऊस आला. सोनूबाईचा माल आदल्या दिवशीच उतरवून घरात गेला होता. मनुबाईचे बोंबील मात्र दोरीवर होते. ते चिंब भिजले. पाऊस जरा उघडला तशी मनुबाई धापा टाकत म्हणाली, "सोनू, तुझ्या त्या मोबाईलात लिव. आज माझे बोंबील न्यायला कोनी येऊ नका म्हनावं. दोन दिस परत सुकवीन, मंग या."

सोनूबाईनं ओले हात लुगड्याला पुसले आणि मला हातात घेतलं. 'मनुबाईचे बोंबील' एवढं लिहून झालं. मग तिनं 'आज' लिहायला बोट टेकवलं. मला काहीच जाणवलं नाही. तिनं पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदा नखानं दाबलं. तोवर परत थेंब पडायला लागले आणि मनुबाईनं ताडपत्री धरायला हाक मारली. सोनूबाई स्वतःशीच म्हणाली, "पाऊस तर समद्यांनीच बघितला. समजतील." आणि तिनं पाठवून दिलं.

'मनुबाईचे बोंबील घेऊ नका.'

मित्रांनो, मी ते वाक्य जाताना पाहिलं. ते साठ-पासष्ट घरांत जाऊन पोचलं. चौलला पाऊस पडलाच नव्हता, नागावला चार थेंब पडले होते. तिथल्या माणसांनी ते वाक्य जसं होतं तसं वाचलं. कुणी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं, कुणी जोडलेल्या हातांचं. रचना टीचर म्हणून एक जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांनी ते आपल्या शाळेच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुढं पाठवलं आणि खाली लिहिलं, 'सोनूबाई स्वतः सांगतात, म्हणजे काहीतरी असेल.'

दोन दिवसांनी मनुबाईचे बोंबील कडकडीत सुकले. कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात आलेली माणसं सोनूबाईच्या टोपलीपाशी थांबली आणि मनुबाईच्या टोपलीकडे न बघता गेली. एका बाईनं तर नाकाला पदर लावला. मनुबाईनं तिला थांबवून विचारलं, तेव्हा त्या बाईनं आपला मोबाईल काढून ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं.

मनुबाई ओरडली नाही. ती सोनूबाईसमोर येऊन उभी राहिली.

"लिवलंस का असं?"

"लिवलं गं, पन..."

"मी सांगितलं त्यात 'आज' व्हता. तो कुठं ठेवलास?"

"तो काचेत दाबतच न्हाय, मनू. आईशपथ."

"बरं." मनुबाईनं सोनूबाईच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं आणि मग आपल्या भरलेल्या टोपलीकडे. "तुला काय, तुझं बरंच झालं."

मला त्या क्षणी बोलता आलं असतं तर! तिनं तीनदा दाबलं होतं, मला ठाऊक होतं. दोष माझ्या काठाचा होता. पण आम्ही मोबाईल लोकांचे निरोप पोचवतो, आम्हाला स्वतःचा निरोप देता येत नाही.

सोनूबाईनं घाईघाईनं चूक निस्तरायला घेतली. तिनं लिहिलं, 'तसं नाही. चांगले.' लगेच रचना टीचरांचं उत्तर आलं, 'हो सोनूबाई, तुमचे चांगलेच असतात. तुमचेच घेऊ.' सोनूबाईनं आपलं लिहिलेलं पुन्हा वाचलं. कुणाचे चांगले, ते लिहायचं राहून गेलं होतं. त्यानंतर तिला माझी भीतीच बसली. ती मला हातात घ्यायची, बोट काचेवर आणायची आणि परत ठेवून द्यायची.

मनुबाईनं आपली अर्धी दोरी सोडली. चार दिवसांनी तिच्या दाराला कुलूप दिसलं. ती माणगावला लेकीकडे, दिपालीकडे, निघून गेली होती. जाताना तिनं शेजारीपाजारी सांगितलं, सोनूबाईला काही सांगितलं नाही.

त्यापुढचे दिवस मला आठवले तरी नकोसं होतं. सोनूबाई किनाऱ्यावर एकटी जायची. बोंबलांच्या जोड्या दोरीवर टाकत दोरीच्या मधोमध यायची आणि तिथंच थांबायची. पुढची अर्धी दोरी तिनं तशीच मोकळी ठेवली होती. त्यावर कावळे बसायचे. कधीकधी ती मान वळवून काही बोलायला लागायची आणि पहिल्याच शब्दाला गप्प व्हायची. घरी आल्यावर विनिताला फोन लावायची, "जेवलीस का, पोरं बरी हायत का," एवढं विचारून ठेवून द्यायची. विनिताला वाटायचं, आईंना बोलायचा कंटाळा आलाय. मी सोनूबाईच्या कमरेला, बटव्यात असायचो. सबंध दिवसात तिचा आवाज माझ्या कानावर क्वचितच पडे.

फेब्रुवारीत एका सकाळी तिनं मला चार्जिंगला लावलं, नवं लुगडं नेसली आणि बाहेर पडली. तिनं रोह्याला एसटी बदलली. सगळ्या वाटेत तिनं मला मुठीत घट्ट धरलं होतं. माणगावात दिपालीचं घर शोधायला तिला तासभर लागला.

दार दिपालीनं उघडलं. आत मनुबाई लसूण सोलत बसली होती. तिनं एकदा वर पाहिलं आणि सोलणं चालू ठेवलं.

सोनूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "दिपे, हा मोबाईल घे. यात 'आ' लिव."

दिपालीनं मला हातात घेतलं. तिचं बोट माझ्या मेलेल्या काठावर पडलं. एकदा, दोनदा, पाचदा. तिनं मला उलटून पाहिलं, पदरानं काच पुसून पाहिली.

"आई," ती म्हणाली, "खरंच दाबत नाही गं."

मनुबाईनं हातातली लसणाची पाकळी खाली टाकली. ती म्हणाली, "काचेत दाबत नव्हता, मानलं. तुला तोंड व्हतं ना? साठ मानसांना तोंडानं सांगायला काय झालं व्हतं?"

सोनूबाईनं मान खाली घातली. "लाज वाटली. माझं बोलनं ऐकून हसतील म्हनून."

"तुझी लाज राह्यली, आन् माझा धंदा गेला."

सोनूबाई आत येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं दिपालीला ते बोलायचं बटण दाखवायला सांगितलं. मग मला तोंडाशी धरून, मोठ्या आवाजात ती बोलली. तिचा एकूण एक शब्द मी जपून ठेवला आहे.

"मी सोनूबाई बोलतेय, रेवदंड्याची. मागं मी लिवलं व्हतं, मनुबाईचे बोंबील घेऊ नका. ते मी अर्धं लिवलं. पुरं असं व्हतं, की आज मनुबाईचे बोंबील घेऊ नका, ते पावसात भिजलेत, दोन दिस सुकवून मंग देईल. मंग मी चांगले म्हनून लिवलं, ते पन मनुबाईचेच. मनुबाईचा माल कधी खराब नव्हता. अठ्ठावीस वर्षं मी तिच्या बाजूला बसलेय, मला म्हाईत हाय. चूक माझी हाय, तिची न्हाय. कोनाला हसायचं तर माझ्या बोलन्याला हसा."

कुणीही हसलं नाही. पहिल्यांदा तीन-चार अंगठे आले. मग रचना टीचरांचा आवाज आला. "सोनूबाई, मी तुमचं ते वाक्य दोन ग्रुपवर पुढं पाठवलं होतं. तुम्हाला एक फोन करून विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. आता हे तुमचं बोलणं त्याच दोन्ही ग्रुपवर पाठवते. मनुबाईंना सांगा, माझंही चुकलं."

मनुबाईनं ते दोनदा ऐकलं. दिपालीनं चहा ठेवला. तो पिऊन झाला. निघताना सोनूबाईनं दारात विचारलं, "येशील ना परत?"

"बघू," मनुबाई म्हणाली.

पूर्वीची सोनूबाई असती तर तेवढ्यावर निघाली असती. ती उभीच राहिली. "बघू म्हंजे काय, मनू? पुरं बोल. मी अर्ध्यावर आता जानार न्हाय."

मनुबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं. "बघू म्हंजे, होळी झाली का येईन. पावसापरेंत राहीन. पन तुझ्या दोरीला माल लावनार न्हाय. माझी दोरी वेगळी बांधीन. राग अजून हाय मला. तो जाईल का न्हाय, मला म्हाईत न्हाय."

"बरं झालं सांगितलंस," सोनूबाई म्हणाली, आणि एसटीला गेली.

मनुबाई होळीनंतर आली. दहा पावलांवर तिनं आपले बांबू रोवले. गिऱ्हाइकं हळूहळू तिच्याकडे वळू लागली, पण पहिल्याइतकी नाही. एकदा पुढं गेलेलं वाक्य सगळ्या घरांतून परत बोलावता येत नाही. दोघी आता बोलतात, पण कामापुरतं. मधली दहा पावलं अजून आहेत. विनितानं सासूला नवा मोबाईल आणून दिला आणि मी या फडताळात आलो. नव्याची काच धड आहे, सगळी अक्षरं दाबली जातात. तरी सोनूबाई त्यावर लिहीत नाही, बोलूनच पाठवते.

मित्रांनो, तुम्ही आमच्यावर रोज किती लिहिता! घाईत, चालता चालता, एखादा शब्द गाळून. तुमच्या मनात तो शब्द असतो, म्हणून वाक्य तुम्हाला पुरं वाटतं. वाचणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून पाठवण्याआधी एकदा समोरच्याच्या डोळ्यांनी वाचा. आणि कुणाचं अर्धं वाक्य तुमच्याकडे आलं, तर ते पुढं ढकलण्याआधी त्याला विचारा, "तुला काय म्हणायचंय?" आमची काच तुम्ही जपलीत तर आम्हाला आनंदच आहे, पण काच बदलता येते, पोचलेलं वाक्य नाही.

आणि तुमचंही असं एखादं वाक्य कुणापाशी अर्धं पडून राहिलं असेल, तर उठा. त्या माणसाच्या दारात जा आणि ते तोंडानं पुरं करा. सोनूबाईला दोन महिने लागले. तुम्ही तेवढे लावू नका.