एका जुन्या खेळाची माफी

मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघण्याआधी ज्यांना दुखावलं, ज्यांचं काही घेतलं, त्यांच्याकडे जाऊन माफी मागायची, ही अलेक्झांड्रियातली रीतच. अल्लाह आपल्या हक्काचं माफ करतो. माणसाच्या हक्काचं माणसालाच माफ करावं लागतं. हाझेमने भावजयीची माफी मागितली, भांडखोर शेजाऱ्याचीही मागितली. मनात एकच कुसळ सलत राहिलं. लहानपणी खेळलेला कोळ्याच्या पोराचा व्हिडिओ गेम त्याने नेटवरून फुकट उतरवून घेतला होता, आणि संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावून तो अजून खेळत होता.

“खेळ विकणारी कंपनी मेली म्हणून हक्क मरत नाही रे,” वकील मित्र शरीफ म्हणाला होता. “कायद्याने चोरीच. पण तुला विचारतंय कोण?”

विचारत कोणीच नव्हतं, तेच तर हाझेमला खात होतं. शेवटी त्याने खेळ बनवणाऱ्या उस्ताद फिकरींचं घर शोधलं आणि बसबूसा मिठाईचा डबा घेऊन गेला.

म्हातारा पोट धरून हसला. “एवढ्यासाठी जिने चढलास? वेडाच आहेस! जा, माफ केलं. हज करून आलेल्याचा शब्द आहे.”

हाझेमचा जीव भांड्यात पडला. तेव्हाच उठला असता तर बरं झालं असतं. पण शहाण्याला कौतुक करायची हौस!

“उस्ताद, या होडीवरून त्या होडीवर उडी मारायची कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?”

“सुचतेय कुठली! जपानी खेळ होता. आम्ही पोराची टोपी बदलली, बोलणं अरबी केलं. बनवणाऱ्याचं नाव काढून तिथे माझं...”

फिकरी बोलता बोलता थांबले. हसू मावळलं.

“हजला जाताना मी अख्ख्या गल्लीची माफी मागितली. भाजीवाल्याचीसुद्धा. या माणसाची मला आठवणच झाली नाही.”

“अहो, जुनी गोष्ट ती,” त्यांची बायको नगवा म्हणाली. “चहा निवतोय.”

“त्याचं नाव मी माझ्या हाताने पुसलं गं! आणि ह्याला माफ करायला निघालो. माझं काय होतं त्यात?”

“नाव काय होतं त्याचं?” हाझेमने चाचरत विचारलं. “मी शोधतो.”

“जपानी अक्षरं होती, पोरा. मला वाचताच आली नाहीत.”

दारापर्यंत येऊन त्यांनी हाझेमची बाही धरली. “तिथे पोचलास की माझ्यासाठी दुआ माग. माझा हज कबूल झाला असेल ना रे?”

“झाला असेल, उस्ताद,” हाझेम म्हणाला. त्याला काय माहीत होतं!

तो जिना उतरला आणि खाली नुसता उभा राहिला. फुकट घेतलेल्या खेळाची माफी मागायला आला होता, आणि म्हाताऱ्याच्या उतारवयातली शांत झोप घेऊन निघाला होता. याची माफी मागायला परत वर जायची मात्र त्याची छाती होईना.