लिफ्ट आणि आजोबांचं ‘एक्स्ट्रीमली’

मी एक जुनी लिफ्ट आहे. जाळीच्या दाराची, पितळी मुठीची, आत एक स्टूल आणि एक आरसा असलेली. आरसा असला की माणसं स्वतःकडे बघत बसतात आणि आपण ज्या दोराला टांगलेलो आहोत त्याचा विचार त्यांच्या मनात येत नाही. मित्रांनो, माझी गोष्ट त्या दोराचीच आहे. तो तुटायच्या आत सांगून व्हावी, एवढीच इच्छा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून मला इथे आणलं आणि चार मजल्यांच्या इमारतीच्या मधोमध टांगलं. सुरुवातीला फार कौतुक झालं. एक काकू तर काही काम नसताना दुपारभर वर-खाली करत बसल्या होत्या. मग लोकांना माझी सवय झाली, आणि सवय झाली की कौतुकाच्या जागी तक्रारी येतात.

तक्रारी पाठवण्याचं काम सोसायटीच्या सेक्रेटरींकडे होतं. निवृत्त गृहस्थ, सगळे त्यांना आजोबा म्हणत. लिफ्टच्या कंपनीला तक्रार इंग्रजीतूनच चाले, आणि आजोबांचं सगळं इंग्रजी ‘एक्स्ट्रीमली’ या एका शब्दावर उभं होतं. असा भारी शब्द माणसाने ठेवणीतल्या कोटासारखा वापरावा. आजोबांनी तो बनियनसारखा वापरला. माझा दिवा गेला की अंधार एक्स्ट्रीमली. पंखा कुरकुरला की आवाज एक्स्ट्रीमली. जिना पुसला की पायरीवर पाटी: एक्स्ट्रीमली ओला. गच्चीच्या दाराला रंग दिला तेव्हा तोही एक्स्ट्रीमली ताजा होता.

कंपनीची मेकॅनिक मला तेल देता देता फोनवर कुणाला तरी म्हणाली होती, “या आजोबांचं एक्स्ट्रीमली म्हणजे आपलं सवडीने.” इमारतीतल्या लोकांनीही त्या शब्दाला तोच भाव लावला होता. पाटी वाचायची, हसायचं आणि ओल्या जिन्यावरून खुशाल जायचं.

आजोबांची सून शाळेत इंग्रजी शिकवायची. एकदा दोघं वर येत असताना तिने विषय काढला.

“बाबा, ज्याच्या पुढे काही उरतच नाही, त्याला एक्स्ट्रीमली म्हणतात. ओल्या जिन्याच्या पुढे बरंच काही उरतं.”

“अगं, नुसतं ओला लिहिलं तर विचारतो कोण?”

“तुम्ही सगळ्यालाच तसं लिहिता, म्हणून कोणी विचारत नाही.”

आजोबांना ते लागलं. वर पोचेपर्यंत ते आरशातसुद्धा तिच्याकडे बघेनात. पण माणूस शिकणारा होता. पुढे रोज येता-जाता माझ्यातच शिकवणी सुरू झाली. सुनेने मजल्यांना शब्द वाटून दिले. पहिला मजला स्लाइटली, दुसरा फेअरली, तिसरा व्हेरी. चौथा एक्स्ट्रीमली, त्याच्यावर फक्त आभाळ. आजोबा मजला आला की शब्द म्हणत आणि चुकले की पुन्हा खाली जात. इतकं कौतुकाने मला बऱ्याच वर्षांत कुणी वापरलं नव्हतं.

त्याच दिवसांत, वर अंधारात, माझ्या दोराची एक तार तुटली. आवाज फार नव्हता. शिवताना दोरा तुटावा तेवढाच. काही दिवसांनी दुसरी तुटली. मग मी मोजणं सोडलं. मला बोलता येत नाही, फक्त कुरकुरता येतं, आणि जुन्या वस्तूच्या कुरकुरण्याला लोक वय म्हणतात.

एका संध्याकाळी मी मजल्याच्या वीतभर खाली थांबले. आजोबा बाहेर पडताना ठेचकाळले. घरी जाऊन पाहतात तो पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर गंजाची तांबडी भुकटी. ते परत आले, जाळीतून वर बघत बराच वेळ उभे राहिले. मग तक्रार लिहायला बसले. बोट चौथ्या मजल्याकडे जात होतं, पण शिकवणी आठवली. वीतभर म्हणजे वीतभर. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की लिफ्ट स्लाइटली खाली थांबते आणि स्लाइटली भुकटी पडते. सून वाचून म्हणाली, “आज अगदी बरोबर, बाबा.”

बरोबरच होतं. मी दोराला लटकून विचार केला, आता कोणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक धावत आली. आजोबांनी चहाचं विचारलं, तेही तिने ऐकलं नाही. “बल्ब गेला तरी तुम्हाला एक्स्ट्रीमली वाटतं,” ती म्हणाली, “तुम्ही स्लाइटली लिहिलंत, म्हणजे नक्की काहीतरी बघितलंत. मला रात्रभर झोप नाही.” ती माझ्या टपावर चढली, बॅटरी लावली आणि तुटलेल्या तारा मोजू लागली. खाली उतरल्यावर पुसलेले हात पुन्हा पुसत राहिली. तिने मशीनच्या खोलीत जाऊन माझं बटण बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि नवा दोर येईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही, असं सांगून गेली.

“आता लिहा, बाबा,” सून म्हणाली. “आता चौथा मजला आहे.”

आजोबांनी माझ्या दाराला पाटी लावली: एक्स्ट्रीमली डेंजरस. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द आपल्या जागी बसला होता. शेजारीच जिन्याची जुनी पाटी होती. अक्षर तेच, शब्द तोच, शाई तीच. लोकांनी दोन्ही वाचल्या आणि हसले.

नवा दोर अजून आलेला नाही. आज सोसायटीचे चेअरमन आपल्या आईला घेऊन आले आहेत. माउलीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डोळ्यावर पट्टी आहे, चौथ्या मजल्यापर्यंत चढणं तिला शक्य नाही. मशीनच्या खोलीची किल्ली चेअरमनांकडेही असते. “आजोबांचं एक्स्ट्रीमली आहे गं ते, आई. एका फेरीने काय होतंय?” त्यांनी बटण चालू केलं. माझा दिवा लागला. आई माझ्यातल्या स्टुलावर बसल्या.

चेअरमन दार ओढत होते, तेवढ्यात आजोबा जिन्यावरून आले आणि त्यांनी दारात पाय घातला.

“पाय काढा, आजोबा.”

“आधी आईंना उतरवा.”

“असा किती धोका आहे? एक्स्ट्रीमली?”

आजोबांनी तोंड उघडलं. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे शब्द त्यांनी चाचपून पाहिले असावेत. एकही कामाचा उरला नव्हता. पाय होता तिथेच राहिला, साध्या रबरी चपलेतला.

आईंनी मान वर केली. “वर काय तुटलं रे?”

“काही नाही,” चेअरमन म्हणाले.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. दोराला वेळेवर तेल द्या, आणि मोठा शब्द मोठ्या दिवसासाठी राखून ठेवा. रोज वापरून तो झिजला, तर ऐन वेळी त्याच्या जागी माणसाला आपला पाय घालावा लागतो. दार उघडं असेपर्यंत मी हलत नाही, हा माझ्यात उरलेला एकच चांगला गुण. चेअरमन आता दाराला खांदा लावत आहेत.

पाय अजून आहे.