शेवटच्या बाकावरून गेलेला फेटा

मी एक जुना तांबडा फेटा आहे, मित्रांनो. लालबागच्या एका चाळीत, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून आहे. रंग विटला, पण माझी ऐट काही अजून पुरती गेलेली नाही.

गिरणीतल्या कुशाबाने मला बोनसच्या पैशातून घेतले, ते स्वतःसाठी नव्हेच. भोईवाड्याच्या आखाड्यात शिवा पहिलवानाने कुस्ती मारली की कुशाबा मातीत उतरे आणि मला त्याच्या डोक्याला बांधी. जिंकलेल्या गड्याला फेटा बांधायचा, ही रीतच होती. दुसऱ्या दिवशी शिवा मला परत आणून देई, कारण कुशाबाकडे दुसरा फेटा नव्हता. एकदा मी खिळ्याला अडकून फाटलो, तेव्हा कुशाबाच्या बायकोने, रखमाने, मला पांढऱ्या दोऱ्याने रफू केले. तांबडा दोरा घरात नव्हता.

तेव्हा कुस्ती फुकट दिसे. मग चार आणे झाले, मग आठ. पुढे आखाडा सुटला, मोठ्या मैदानात खुर्च्या आल्या आणि पुढची खुर्ची पाच रुपयांची झाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडत होते, पगार कापले जात होते. सभेला कुशाबा मला बांधून अगदी पुढे बसे. तिथे तिकीट नव्हते. कुस्तीपायी मात्र त्याने विडी सोडली, दुपारचा चहा सोडला, तरी दर खेपेला तो मागेच सरकत गेला.

एका कुस्तीला तो शेवटच्या बाकावर होता. शिवा जिंकला. कुशाबा पुढे धावला, तर रखवालदाराने अडवले. मग त्याने मला समोरच्याच्या हातात दिले.

"पुढं द्या भाऊ, पहिलवानाला बांधायचाय."

हातोहात मी पहिल्या रांगेत पोचलो. तिथल्या एका शेटजींनी मला उचलले, आपल्याच हाताने शिवाच्या डोक्याला गुंडाळले आणि फोटो काढून घेतला. इतके वाईट मला कुणी कधी बांधले नव्हते. शिवाची बोटे रफूवर थांबली. तो टाचा उंचावून मागे पाहू लागला. कुशाबा कुठे दिसेना; शेवटचा बाकही रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन चाळीत आला, सोबत पुढच्या खुर्चीचा पासही होता. कुशाबाने मला ठेवून घेतले आणि पास परत केला.

"फुकट बसलो तर तुझा पाहुणा झालो रे. आजवर मी तुझा माणूस होतो."

त्यानंतर शिवा दोन वर्षे खेळला. जिंकल्यावर तो कुणालाच फेटा बांधू देत नसे, असे गिरणीतले लोक सांगत. कुशाबा मात्र पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत घरोघरी फेटे निघाले. कुशाबाने मला गुडघ्यावर घेतले आणि रफूवरून नुसता हात फिरवत राहिला.

"शिवाच्या कुस्तीला जायला पाहिजे होतं गं," तो रखमाला म्हणाला. पण शिवाने तोवर कुस्ती सोडलेली होती.

मित्रांनो, मला कसरीपासून जपलेत तर तुमचे उपकार होतील. पण एखादे दिवशी आखाड्यात कुणी जिंकले, तर मला बाहेर काढा. आणि बांधायला शेवटच्या बाकावरच्या माणसाला पुढे बोलवा.