शिवलीलाची शेवटची काच

मी एक सॉफ्टवेअर बोलतोय. धाराशिवातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या जुन्या संगणकात माझा मुक्काम. इथं संशोधन करणाऱ्या, बेंबळी गावच्या शिवलीलानं मला लिहिलं.

माझं काम सांगतो. काचेच्या तुकड्यावर केसाहून कितीतरी पातळ थर शिवलीला चढवायची आणि त्यावर उजेड टाकायची. कोणत्या रंगाचा किती उजेड परत फिरला, त्याचा आलेख यंत्र माझ्याकडे पाठवतं. त्यावरून थर किती जाड, आत शिरताना उजेड किती वाकतो, किती मुरतो, हे मी शोधून काढतो. शिवलीलाला स्वस्तातल्या सोलर पॅनलसाठी उजेड पिणारा थर हवा होता.

सुरुवातीला मी येड्यागत उत्तरं द्यायचो. एकदा तर जाडी शून्याच्याही खाली सांगितली. ती कपाळावर हात मारून हसली. "अरं, शुद्धीवर ये की जरा!" आणि पुन्हा माझ्या ओळी दुरुस्त करत बसली.

थर चढवायला सेलेनियमचं द्रावण लागायचं. त्याच्या वाफा बाहेर ओढणारा पंखा बंद पडला होता. तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना सांगून पाहिलं. "खिडकी उघडी ठेवून कर की," सर म्हणाले. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. तीही थांबली नाही.

एका दुपारी भांड्यात आम्ल जास्त पडलं आणि विषारी वायू सुटला. ती खोकत बाहेर पळाली. थोड्या वेळानं परत आली, काच धुतली, वाळवली, यंत्रात ठेवली. तिच्यासोबत संशोधन करणारा गौरीशंकर तेवढ्यात तास घेऊन आला.

"दवाखान्यात चल आधी."

"घसा धरलाय नुसता. एवढं मोजते अन् जाते."

आलेख माझ्याकडे आला. ती मला सुरू करणार, तोच पुन्हा खोकल्याची उबळ आली. तोंडाला ओढणी लावून ती उठली. नंतर फुप्फुसांत पाणी झालं. सोलापूरच्या दवाखान्यात तिनं प्राण सोडला.

महिन्याभरानं तिची आई, गिरिजाबाई, प्रयोगशाळेत आली. "लेकीनं शेवटी काय केलं, ते दाव मला, बाळा."

गौरीशंकरनं मला सुरू केलं. मी हिशेब मांडला. थर फसला होता. उजेड त्यात जेमतेम मुरत होता. गौरीशंकर आकडे बघत राहिला.

"चांगलं झालंय का?"

"व्हय मावशी. लई चांगलं."

तिनं यंत्रातल्या काचेकडे हात नेला. तो ओरडलाच, "हात नका लावू! विषारी असतंय ते."

तिचा हात तसाच थबकला. मग ती हळूच म्हणाली, "माझ्या पोरीला असं कुणीच म्हणलं न्हाय का रं?"

गौरीशंकरची नजर बंद पंख्याकडे गेली. उत्तर द्यायला मला तर तोंडच नाही.

आता प्रयोगशाळेला कुलूप आहे. हा संगणक भंगारात जाणार, आणि माझी दुसरी प्रत कुठंच नाही. जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: तुमच्याही गावची एखादी पोरगी अशाच कुठल्या खोलीत राबत असेल. तिला निकाल विचारण्याआधी आत जाऊन बघा, तिला नीट श्वास घेता येतोय का. मला ते मोजता येत नव्हतं.