मुलींची सवलत

अकोल्याच्या मुलींच्या हायस्कुलात कौशल्याबाई गणित शिकवत. गणित म्हणजे काय, तर शेकडेवारी आणि सरळव्याज. मॅट्रिकला मुलींना बीजगणित-भूमितीऐवजी सोपं अंकगणित घेण्याची सवलत होती आणि ही शाळा आठवीपासूनच सगळ्या पोरींना त्या सवलतीत बसवत असे. कौशल्याबाई स्वतः अमरावतीला मुलांच्या वर्गात एकट्या बसून भूमिती शिकल्या होत्या.

चौसष्ट साली अमरावतीला शिक्षकांचं संमेलन ठरलं. विषय होता देशोदेशींचे माध्यमिक गणिताचे अभ्यासक्रम. मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी निबंध वाचायचं कबूल केलं आणि लिहायचं काम कौशल्याबाईंच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते जीव लावून केलं. वकिलातींना पत्रं धाडली, नागपूरहून पुस्तकं मागवली, पाच महिने खपून तक्ता केला. रशियात आणि जपानात मुलगा असो की मुलगी, भूमिती सगळ्यांनाच होती. इंग्लंडात मात्र मुलींच्या काही शाळा अंकगणितावरच भागवत होत्या. मुलींनाही भूमिती हवी, या आपल्या म्हणण्याला ते सोयीचं नव्हतं, तरी त्यांनी लपवलं नाही.

दुर्गाबाईंनी कागद वाचले आणि लाल पेन्सिल काढली.

"एवढं कायले पायजे? भूमिती आणली तं निम्म्या पोरी नापास होतीन. निकाल मले दाखवा लागते."

"रशियातल्या पोरी काय वेगळ्या आहेत, बाई?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"त्यायची लग्नं आपल्याले जमवाची नाहीत."

भाषा जरा मवाळ करतील, बाकी काय, असं मनाशी म्हणत कौशल्याबाई लाल पेन्सिल फिरताना पाहत बसल्या.

संमेलनात तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी निबंध ऐकला. रशिया आणि जपान एका वाक्यात उडाले होते: तिथलं हवामान निराळं, समाज निराळा. मग दुर्गाबाईंनी आवाज चढवला. इंग्लंडसारखा पुढारलेला देशही मुलींवर भूमितीचा भार टाकत नाही, असं त्यांनी वाचलं. 'काही शाळा' हे शब्द गेले होते. टाळ्या झाल्या.

कौशल्याबाई उभ्या राहिल्या. "मी काही शाळा असं लिहिलं होतं. सगळा देश नाही."

अध्यक्ष महादेवराव हसले आणि जेवणं झाल्यावर पाहू म्हणाले. खुर्च्या सरकल्या. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या तेच हात पाच मिनिटांत वरणभात कालवत होते आणि कुणीतरी बासुंदी आटीव झाल्याचं सांगत होतं. कौशल्याबाईंना त्या पंगतीकडे पाहवेना. त्याहून जास्त किळस आली ती स्वतःची. लाल पेन्सिल फिरताना समोर बसून होतो आपणच.

येताना एस.टी.च्या मोटारीत दुर्गाबाईंनी शेजारची जागा राखली होती. कौशल्याबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या, मूर्तिजापूरला मागची जागा रिकामी होईपर्यंत.

निबंध छापून आला तेव्हा खाली साहाय्यक म्हणून त्यांचं नाव होतं. ते काढावं म्हणून त्यांनी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. जूनपासून त्या शाळेच्या घंटेआधी तासभर भूमिती शिकवू लागल्या. अकरा पोरी आल्या. दिवाळीपर्यंत चार उरल्या आणि शेवटी एकटी शालू. सदुसष्टला ती भूमिती घेऊन मॅट्रिक झाली, शंभरात अठ्ठ्याहत्तर.

दुर्गाबाईंनी तिचं नाव पुढच्या दारापाशी फळ्यावर रंगवून घेतलं. वर लिहिलं, 'शाळेच्या गणित-परंपरेचं यश'.

कौशल्याबाई त्या दिवसापासून मागच्या दारानं शाळेत येऊ लागल्या.