हौदातला शॉट

बाईंना चित्रीकरणाचे बोलावणे आले ते मोटारीसकट. एरवी त्या कोणाच्या बोलावण्यावर हलणाऱ्या नव्हत्या. परंतु या सिनेमाची नायिका त्यांची सख्खी नात होती आणि आज तिला पाण्याच्या हौदात उतरायचे होते. अशा दिवशी घरात स्वस्थ बसून राहणे बाईंच्या हातून होणार नव्हते.

तरुणपणी बाईंनी पडद्यावर कधी तोंड दाखवले नाही. दिला तो गळा. स्वस्तातल्या भयपटांचा तो काळ होता. एक हौद, एक रबरी राक्षस आणि लाल रंगाची बादली एवढ्या भांडवलावर सिनेमे निघत आणि धो धो चालत. कॅमेरा गिरणीसारखा खडखडे, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नसत. नट तोंडाला येईल ते बोलत. पडद्यावर जी प्राणांची भीक मागताना दिसे, ती प्रत्यक्षात "आटपा की, पायात गोळा आलाय" असे म्हणत असे. मागाहून बाई काचेच्या खोलीत उभ्या राहत आणि त्या ओठांवर किंकाळी बसवत. धंद्यात त्यांना किंकाळीबाई म्हणत. बाईंना त्याचे वैषम्य नव्हते. "ओरडून खाते, ओरबाडून नाही," असे त्या सुनावत.

अशाच एका हौदात, नायिकेचे काम करताना, त्यांची धाकटी बहीण गेली. राक्षसाच्या पोशाखातल्या माणसाला आतून ना दिसे, ना ऐकू येई. पाठीवर थाप पडेपर्यंत नायिकेची मान पाण्यात दाबून धरायची, एवढेच त्याला ठाऊक. धाकटी "सोड, सोड" म्हणत राहिली. काठावरच्या मंडळींना वाटले, पोरीने आज कमाल केली. फिल्म महाग, दुसरा टेक परवडणारा नव्हता. कोणीही थांबवले नाही. सिनेमा त्या शॉटसकट लागला आणि टाळ्या पडल्या त्या त्याच शॉटला. त्या ओठांवर आवाज बसवायला बाईंनी साफ नकार दिला. तो दुसऱ्या कोणीतरी बसवला. बाईंनी धंदा सोडला, आणि एक गोष्ट मनाशी कायमची ठरवली: आपल्या घरातल्या माणसाची खरी भीती पुन्हा कोणाच्या करमणुकीला द्यायची नाही.

आणि आता नातीच्या सिनेमाचा दिग्दर्शक, ज्याच्या ओठांवर धड मिशी नव्हती, त्या जुन्या भयपटांना मुजरा म्हणून नवा सिनेमा काढत होता.

"बघा बाई, अगदी तुमच्या काळासारखं," तो त्यांना हौद दाखवत म्हणाला. "तोच खडखडणारा कॅमेरा. आवाज घ्यायचा नाही. एकच टेक. राक्षसाला आतून दिसतसुद्धा नाही. सगळं अस्सल."

"आमच्याकडे ते अस्सल म्हणून नव्हतं रे बाबा. दळिद्र होतं, म्हणून होतं."

"वा! हे वाक्य सिनेमात घेऊ?"

"घे. फुकटचं सगळंच गोड लागतं."

तो मनमोकळा हसला. मनाने वाईट नव्हता. नुसता भक्त होता, आणि भक्ताला समजावणे देवालाही जमत नाही. त्याने काठावरचा डॉक्टर दाखवला, पाणबुड्या दाखवला. राक्षसाच्या दंडावर दोनदा चापट मारली की तो सोडणार, हेही सांगितले.

"आणि हातच धरलेले असले तर?"

"तालीम झालीय, बाई."

नात रंगभूषा करून आली. गळ्यावर खोटे ओरखडे होते. "आजी, तोंड असं करून बसू नकोस. लोकांना वाटेल, राक्षसाच्या घरची माणसं आलीत."

"पाण्यात नाकानं श्वास घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. दुसरे काही सुचले नाही.

कॅमेरा खडखडू लागला. रबरी हातांनी नातीची मान धरली, ती पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. दुधाने पोळलेले माणूस ताकही फुंकून पिते, असे स्वतःला बजावत बाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. इतक्यात नातीचे तोंड वर आले. केस चेहऱ्यावर चिकटलेले, डोळे पांढरे. तिचे ओठ हलले. ओठ वाचण्यात तरुणपण गेलेल्या बाईंनी ते वाचले.

सोड. सोड.

त्यानंतर बाई हौदात कशा उतरल्या हे त्यांना कधीच आठवले नाही. पाणी कमरेएवढे होते. त्यांनी आपल्या चालायच्या काठीने राक्षसाच्या टाळक्यात असा तडाखा दिला की काठी मोडली. मग दोन्ही हातांनी त्याचे रबरी डोके उपटले. आतून एक घामाघूम पोरगा बाहेर आला, कानात बोळे घातलेला.

"आजी, मारू नका हो. मी धरलंच नव्हतं. नुसता हात ठेवला होता."

नात केस मागे सारत शेजारी उभी होती. तिला साधा ठसकाही लागला नव्हता.

"आजी, मी ठीक होते. ते मी मुद्दाम म्हणाले."

"काय मुद्दाम?"

"सोड. तूच सांगितलं होतंस ना, धाकटी आजी काय म्हणत होती ते. वाटलं, तसंच म्हटलं तर खरं दिसेल."

बाईंचा हात वर गेला आणि हवेतच राहिला. त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले की कॅमेऱ्याची खडखड अजून चालूच आहे. कोणी 'थांबा' म्हटलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शक घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहाला शिवला नाही.

"बाई, तो शॉट मी बघितला. माझ्या सबंध सिनेमात एवढी एकच गोष्ट खरी आहे. तुमची परवानगी हवी."

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्याचा गार झालेला कप उचलून आत निघून गेल्या.

त्याच्याशी बोलणे एवढ्यावर संपले, नातीशी संपेना. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दुसरा टेक घेणार नाही म्हणतोय. तो शॉट नसेल तर शेवटच बदलणार, आणि बदललेल्या शेवटात मी नाही."

"मग नसू दे."

"तुला काय जातंय 'नसू दे' म्हणायला? इतकी वर्षं दारोदार फिरले, कोणी उभं केलं नाही. आणि त्यात तू घाबरलेली दिसतेस, एवढंच तर आहे. घाबरणं काय पाप आहे?"

"पाप नाही. पण ते घरात असतं."

"मी पण घरातलीच आहे ना?"

धाकटीने त्यांच्याकडे कधी काही मागितले नव्हते. ही मागत होती. ज्या घरात आपला शब्द कोणी खाली पडू दिला नाही, तिथे तो स्वतःच्याच हाताने खाली ठेवायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकाला निरोप धाडला: तोंड घ्या. आवाज देणार नाही.

"काही हरकत नाही," त्याचा उलट निरोप आला. "आवाज नातच देईल. रक्ताचा गळा आहे."

काचेच्या खोलीत नात कानांवर यंत्र चढवून उभी राहिली. काचेअलीकडे दिग्दर्शक आणि बाई. पडद्यावर एक म्हातारी हौदात धावत होती, आणि तिचे तोंड इतके उघडे, इतके ओंगळ होते की बाईंना ती ओळखू येईना. नात ओरडली, "सोड तिला." ओठ जुळले नाहीत. ती पुन्हा ओरडली, "पोरी." तेही जुळले नाहीत.

"काय म्हणत होतात हो बाई?" दिग्दर्शकाने हळूच विचारले. "काहीच बसत नाहीये."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. ते ओठ नातीला हाक मारत नव्हतेच. जी कधीच गेली होती, त्या धाकटीला हाक मारत होते.

"सांगायचं नसेल तर राहू द्या. काहीतरी बसवून घेऊ."

काहीतरी. तेवढा एक शब्द बाईंना सोसला नाही. त्यांनी बोलण्याचे बटण दाबले.

"बबे," त्या म्हणाल्या. "तिचं घरातलं नाव. बबे, असं दोनदा."

नातीने काचेतून त्यांच्याकडे पाहिले. तिचा चेहरा पडला, डोळे भरून आले, आणि क्षणभर वाटले की ती यंत्र काढून ठेवेल. तिने ते काढले नाही. डोळे पुसले, मान ताठ केली, आणि पडदा पुन्हा सुरू झाला.

"बबे! बबे!"

दिग्दर्शकाने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकले. "झालं," तो पुटपुटला. "यापेक्षा खरं काय असणार?"

बाईंच्या कानांनी मात्र ऐकले होते की दुसरी हाक ओठांच्या अंमळ मागे पडली. पोर रडत होती, म्हणून तिचा श्वास उशिरा सुटला होता. हे दुसऱ्या कोणाला कधी कळले नसते. उठून घरी जाता आले असते.

त्यांनी पुन्हा बटण दाबले.

"रडू नंतर," त्या म्हणाल्या. "श्वास आधी भरून घे. आणि पहिल्यापासून."